कुकरातला केक आणि छतावरची टोपी

मित्रांनो, मी एक जुना कुकर आहे. पाच लिटरचा, ॲल्युमिनियमचा, एका बाजूला पोचा आलेला. स्वभावानं तापट आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर तक्रार नको. मात्र तापलो तरी कुणाचं वाईट केलं नाही. एकदा करायची वेळ आली होती, तीच हकिगत तुम्हाला सांगायची आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पत्र्याची गोल चकती यंत्राखाली गेली आणि एका दणक्यात तिचं भांडं झालं. मग झाकण, शिट्टी, रबर, दांडा. दुकानात सात महिने फळीवर धूळ खात बसलो. शेवटी एका आईनं मला विकत घेतलं. तिची मुलगी नर्स होती आणि परदेशी नोकरीला निघाली होती. मुलगी म्हणाली, "आई, तिकडे सगळं मिळतं गं." आई म्हणाली, "मिळू दे. हा माझा आहे." तिनं माझ्या पोटात मोजे, औषधं आणि दोन चादरी कोंबल्या आणि मला बॅगेत घातलं. विमानतळावर एका शिपायानं मला उघडून, ठोकून, हुंगून पाहिलं. एवढा अपमान माझा पूर्वी कुणी केला नव्हता.

परदेशात आम्ही एका खोलीत राहायला गेलो. खोली तिसऱ्या मजल्यावर, एकच. कोपऱ्यात गॅसची शेगडी, भिंतीला लागून तीन खाटा, मधे एक टेबल. भिंतींना एवढी ओल की कागद ठेवला तर आठवड्यात मऊ पडायचा. खोलीत तिघी होत्या. एक आमची नर्स. दुसरी बसवाली, म्हणजे बस चालवणारी. उंचीला एवढीशी, पण अवाढव्य बस अशी वळवायची की लोक बघत राहायचे. तिसरी सगळ्यांत मोठी, तिला सगळ्या ताई म्हणायच्या. ती कपडे उसवून पुन्हा बेताचे करून देणाऱ्या दुकानात शिवणकाम करायची.

ती पाच वर्षं माझ्या कौतुकाची होती. तिघी कामावरून दमून यायच्या आणि मी तीन शिट्ट्यांत जेवण तयार ठेवायचो. बसवाली म्हणायची, "या घरात एकटा हाच वेळेवर येतो." मी वरवर गुरगुरायचो, पण मनातून सुखावायचो.

आता ताईबद्दल सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यासाठी घडलं. ताईला अकरा वर्षांची मुलगी होती. ती मायदेशी मामा-मामीकडे राहत होती आणि पाच वर्षांत मायलेकींची भेट फक्त फोनच्या पडद्यावर होत होती. ताईनं तिला आपल्याकडे आणण्यासाठी अर्ज केला होता. आदल्या वर्षी तो नामंजूर झाला, कारण ताईकडे कायमचं घर नव्हतं. या वर्षी ही खोली तिच्या नावावर भाड्यानं होती. सरकारी कचेरीतून तपासनीस बाई घर बघायला कधीही येतील, असं पत्र आलं होतं. घर पसंत पडलं तर मुलगी येणार. नाही पडलं तर दुसरा नकार म्हणून पुन्हा अर्ज करायला तीन वर्षं थांबायचं. तीन वर्षांनी मुलगी चौदा वर्षांची झाली असती.

आणि ही खोलीच केसाला टांगलेली होती. छताला एक गोल पांढरी डबी होती, धुराचा अलार्म. जरा धूर झाला की तो असा किंचाळायचा की सगळी इमारत जिन्यात उभी राहायची. तो दोनदा वाजला होता. एकदा बसवाली तेल तापत ठेवून फोनवर बोलत बसली तेव्हा. दुसऱ्या वेळचा दोष माझा म्हणतात, पण पाणी घालायला विसरली ती नर्स. खाली राहणाऱ्या घरमालकीण बाईंनी बजावलं होतं, "तिसऱ्यांदा वाजला तर त्याच आठवड्यात खोली रिकामी करायची." त्या दिवसापासून माझ्याजवळ कुणी ना कुणी डोळ्यांत तेल घालून उभं असायचं.

मग ताईचा वाढदिवस आला. शनिवार होता. ताई दुपारपर्यंत दुकानात होती. नर्सनं आणि बसवालीनं ठरवलं की तिला चकित करायचं. विकतचा केक ताईला आवडायचा नाही, साबण खाल्ल्यासारखा लागतो म्हणायची. पण आदल्या वर्षी तिच्या मुलीनं मामीच्या कुकरात केक केला होता आणि फोनवर दाखवला होता. ताईनं तो नुसत्या डोळ्यांनी खाल्ला होता. तेव्हा या दोघींनी गुपचूप त्या पोरीलाच फोन लावला.

"नर्समावशी, लिहून घे," पोरीनं फर्मान सोडलं. "शिट्टी काढायची. रबर काढायचं. पाणी अजिबात नाही. तळाला मीठ पसरायचं, त्यावर वाटी उपडी, त्यावर केकचा डबा. मंद गॅस, चाळीस मिनिटं. आणि डबा अर्धाच भरायचा. बसमावशीला सांग, अर्धाच."

"ऐकलं गं बाई," बसवाली म्हणाली. "आम्हाला काय अक्कल नाही?"

अक्कल होती, पण हात सढळ होता. तिनं डबा काठोकाठ भरला. उरलेलं मिश्रण फेकायला तिच्या जिवावर आलं.

आणि मग त्या दोघींनी जी चूक केली, ती सांगताना आजही माझं डोकं फिरतं. अलार्म वाजायला नको म्हणून बसवाली खुर्चीवर चढली आणि अंघोळीच्या वेळी केसांवर घालायची प्लॅस्टिकची टोपी तिनं त्या पांढऱ्या डबीवर चढवली. पिवळी, फुलाफुलांची. "एका तासाचा तर प्रश्न आहे," ती म्हणाली. नर्स जरा घुटमळली. आजारी माणसांची सेवा करणारी ती, तिला हे पटलं नव्हतं. पण ती मूग गिळून बसली.

अर्धा तास बरा गेला. दोघींनी हवेत तरंगणाऱ्या, विकत आणलेल्या गॅसच्या फुग्यांना दोरे बांधले. मग डब्यातलं मिश्रण फुगून वर आलं आणि काठावरून उतू जाऊन तापलेल्या मिठावर पडायला लागलं. पडलं की जळायचं. माझ्या पोटात धूर भरायला लागला आणि शिट्टीच्या रिकाम्या भोकातून त्याची बारीक रेघ निघाली. एरवी मी बोंब ठोकली असती. पण माझी शिट्टी ओट्यावर पडलेली होती. अलार्मच्या तोंडावर टोपी आणि मी मुका. धोका सांगायला घरात कुणीच उरलं नव्हतं.

तेवढ्यात दारावर टकटक झाली. ताई आली असं समजून बसवालीनं दोन्ही हातांत फुगे घेतले, दार उघडलं आणि मोठ्यानं गायला सुरुवात केली. गाणं पहिल्याच ओळीत थांबलं. ताईच्या मागे एक अनोळखी बाई उभी होती. करडा कोट, हातात कागद अडकवलेली पाटी.

"या तपासनीस बाई," ताई म्हणाली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "खाली जिन्यात भेटल्या. घर बघायला आल्यात."

दोघींची पाचावर धारण बसली. नर्स पटकन मागे सरकली आणि शेगडीकडे पाठ करून माझ्यासमोर उभी राहिली. गॅस बंद करायला वळावं, तर बाईंचं लक्ष माझ्याकडे जाणार, धूर दिसणार आणि मग नजर छताकडे जाणार. म्हणून ती वळेना. तिच्या पाठीमागे मी जळत होतो. रागानं मी लाल झालो असतो, पण ॲल्युमिनियमला ती सोय नाही.

तपासनीस बाई टेबलापाशी बसल्या आणि तिथल्या भाषेत एकेक प्रश्न विचारायला लागल्या. कामाचे तास किती? शाळा किती लांब? ताई तुटक तुटक, पण नीट उत्तरं देत होती. तिचे हात टेबलाखाली एकमेकांना घट्ट धरून होते, ते मला दिसत होतं.

"मुलगी कुठं झोपणार?"

"इथं," ताई म्हणाली आणि तिनं भिंतीकडची आपली खाट दाखवली. "मी खाली गादी घालीन."

त्या खाटेच्या बरोबर वर छताला अलार्म होता. बसवाली सावकाश सरकत तिथं गेली आणि तिनं फुग्याचा दोरा सैल सोडला. फुगा वर जाऊन टोपीच्या पुढे डुलायला लागला. मला हसू यायला हवं होतं, पण माझ्या तळाशी आता मीठसुद्धा काळं पडलं होतं.

बाईंची मान कागदातच होती. "धुराचा अलार्म आहे?"

"आहे," ताई म्हणाली आणि बोलता बोलता तिनं वर पाहिलं. फुगा नेमका बाजूला सरकला. पिवळी टोपी तिला दिसली.

मित्रांनो, नर्स डोळ्यांनी ताईला विनवत होती, गप्प बस, गप्प बस. तपासनीस बाईंचं पेन कागदावर टेकलं होतं. एक खूण, आणि पोरीचा रस्ता मोकळा होणार होता. कुणाला काही कळलं नसतं. मीसुद्धा मनात म्हटलं, ताई, जाऊ दे, खूण होऊ दे. हो, मीही तसंच म्हटलं. मला त्याची आज लाज वाटते.

ताई उठली. तिनं खुर्ची ओढली, तिच्यावर चढली आणि टोपी ओढून काढली.

"हे असं झाकलेलं होतं," ती बाईंना म्हणाली. "आज माझा वाढदिवस. मैत्रिणींनी माझ्यासाठी काहीतरी शिजवलंय, म्हणून झाकलं असेल. मला माहीत नव्हतं. पण माझी मुलगी याच्याखाली झोपणार आहे. मी तुम्हाला आहे म्हणून कसं सांगू?"

ती खाली उतरते न उतरते तोच अलार्म वाजला. तिसऱ्यांदा. नर्सनं झटकन गॅस बंद केला, बसवालीनं खिडकी उघडली. जिन्यात पावलं वाजली आणि घरमालकीण बाई दारात उभ्या राहिल्या. त्यांनी धूर पाहिला, मला पाहिलं, खुर्ची पाहिली, ताईच्या हातातली टोपी पाहिली.

"झाकला होता?" त्यांनी विचारलं.

"मी झाकला," बसवाली म्हणाली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "ताईला काही ठाऊक नव्हतं. बाहेर काढायचंच तर मला काढा."

"आणि काढली कुणी?"

"मी," ताई म्हणाली.

"या बाईंच्या देखत?"

ताईनं मान डोलावली. तपासनीस बाईंनी कागद गोळा केले, कोटाचं बटण लावलं आणि कुणाकडे न बघता निघून गेल्या. त्यांच्या चेहऱ्यावरून काही म्हणता काही कळलं नाही.

"खोलीत राहा," शेवटी घरमालकीण बाई म्हणाल्या. "पण ते भांडं शेगडीवर पुन्हा दिसता कामा नये."

ते भांडं म्हणजे मी. पाच वर्षांच्या नोकरीचा निकाल एका वाक्यात लागला.

केक खालून कोळसा झाला होता. नर्सनं जळका भाग सुरीनं तासून काढला आणि वरचा तिघींनी खाल्ला. तेवढ्यात पोरीचा फोन आला.

"आई, कसा झालाय?"

"खालून जरा लागला."

"बसमावशीनं डबा भरला असणार. आणि ती घर बघणारी बाई आली का गं?"

"आली."

"काय म्हणाली?"

"काही नाही म्हणाली, बाळा," ताई म्हणाली आणि फोन नर्सच्या हातात देऊन न्हाणीघरात गेली. नळ कितीतरी वेळ चालू होता.

मला घासूनपुसून कपाटावर ठेवलं. पातेल्यात भात शिजायला लागला आणि तो नेहमी खाली लागायचा. मला बरं वाटायला हवं होतं, पण त्या दिवसांत कुणाचंच जेवणाकडे लक्ष नव्हतं. टपाल आलं की बसवाली तीन जिने धावत उतरायची आणि रिकाम्या हातानं वर यायची. ती आणि ताई एकमेकींशी नीट बोलत नव्हत्या. रागानं नव्हे, भीतीनं.

तेविसाव्या दिवशी पत्र आलं. ताईला ते फोडवेना. नर्सनं फोडलं आणि वाचलं. घर लहान आहे, असं त्यात लिहिलं होतं. मुलीसाठी स्वतंत्र खाट आहे. धुराचा अलार्म चालू आहे, तपासनिसांनी तो स्वतः ऐकला आहे. अर्ज मंजूर. बसवाली मटकन खाली बसली. ताईनं पत्र तीनदा वाचून घेतलं, मग मला कपाटावरून उतरवलं, झाकणाला रबर बसवलं आणि ते पत्र माझ्या पोटात ठेवून झाकण घट्ट लावलं. ओलीची भिंत, कागद भिजायला नको म्हणून. तेव्हापासून मुलीची सगळी कागदपत्रं माझ्याकडेच असतात.

मुलगी येऊन आता वर्ष होत आलं. भिंतीकडच्या खाटेवर ती झोपते, वर पांढरी डबी असते.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या कुकरला जपा. रबर ताठ झालं तर बदला, शिट्टीचं भोक साफ ठेवा, पाणी विसरू नका. आणि जे तुम्हाला सावध करण्यासाठी बसवलंय, त्याचा आवाज कितीही नकोसा वाटला तरी त्याचं तोंड बांधू नका. त्या दिवशी ताई गप्प बसली असती तर कागदावर खूण झाली असती. मुलगी तेव्हाही आलीच असती. तपासनीस बाई गेल्याच्या आनंदात टोपी काढायची आठवण कुणाला राहिली असती? ती तशीच राहिली असती, आणि तिच्याखाली ही पोर रोज निर्धास्त झोपली असती. कपाटावर नुसता बसून मी हा विचार करतो आणि गॅसशिवाय तापतो.