साक्षीला धाकटा

वकीलबाईंनी कागद उलटा करून पाहिला, पुन्हा सुलटा केला, आणि चष्मेवाली खुर्चीच्या कडेला सरकली. बाबा गेल्यापासून तिला एका जागी बसवतच नव्हतं. आताही ती चष्मा काढत होती, पुसत होती, घालत होती. बाबांनी मृत्युपत्रात चष्म्यांचं दुकान तिला दिलं होतं. देतील नाहीतर काय! उभं आयुष्य तिने त्यांच्या शेजारी बसून काचा घासल्या होत्या. लग्न नाही, संसार नाही, जे काय होतं ते त्या दुकानात.

"ही साक्षीदाराची सही तुमची?" वकीलबाईंनी विचारलं.

"हो. आणि दुसरी याची." तिने खिडकीशी उभ्या असलेल्या धाकट्या भावाकडे बोट केलं.

"तुम्हाला लागू आहे त्या कायद्यात ज्याला मिळणार, त्याचीच साक्ष चालत नाही हो. तुम्हाला दिलेलं रद्द. आता मृत्युपत्र नसल्यासारखंच. आई हयात नाही, मुलं दोघं, दोघांना अर्धं-अर्धं."

बाबांनी घोळ घातला तो सवयीने. चष्मा एकाने करायचा, दुसऱ्याने तपासायचा आणि पाकिटावर दोघांनी सही ठोकायची, ही दुकानाची रीत. अंथरुणाला खिळल्यावर त्यांनी मृत्युपत्र स्वतःच लिहिलं, दोन्ही मुलांना बोलावलं आणि म्हणाले, "करा सह्या." तिने न वाचताच केली. शहाण्या माणसाने वकिलाचे पैसे वाचवले ते असे!

तिच्या डोक्यात नुसता भुंगा. हा धाकटा दुकानाची पायरी कधी चढत नाही. अर्धा वाटा मिळाला की विकून मोकळा होणार.

"तूही न वाचताच सही केली असशील," ती त्याला म्हणाली.

"शब्द न् शब्द वाचला होता, ताई."

"मग तेव्हा का नाही बोललास?"

"काय बोलू? मला काही द्यायचं नव्हतं, नाही दिलं. पण त्याला साक्षीदारही मीच?"

भांडायचं म्हणून ती कंबर कसून उठली होती, ती पुन्हा खुर्चीत बसली. त्या दिवशी तो सही करून चहाही न घेता निघून गेला होता. याला मेली सदा घाई, असं तीच बाबांना म्हणाली होती. आठवून तिला शरमल्यासारखं झालं. तरी दुकानासाठी जीव तुटत होताच.

"विकणार का रे?" तिने विचारलं.

"माहीत नाही," तो म्हणाला. "आधी माझं होऊ तर दे."