लाल दोऱ्यातला पाहुणा

मी पोपाल बोलतेय. ताबास्को प्रांतातल्या दलदलीत गुडघाभर पाण्यात उभी असते. हातभर लांब पानं, वर जांभळी फुलं. माझ्या पानांत बायका मक्याच्या पिठाचे उंडे, तमाल, बांधून उकडतात. तोडलेलं पान सुकेपर्यंत त्याच्याभोवती जे जे घडतं, ते मला कळतं.

माझ्याकडे एक गुंजनपक्षी यायचा, अंगठ्याएवढा. मी जन्मभर एका जागी, त्याला क्षणभर दम नाही. माझ्या फुलात एक चाप असतो. चोच लागली की खटकन सुटतो. तो दचकायचा, नि पुन्हा हजर! निर्लज्ज मेला. फार आवडायचा मला.

एक खोड मात्र आमची सारखी. उन्हाळ्यात मी पार वाळते आणि पाणी आलं की चिखलातून वर येते. तोही गारठ्यात काडीसारखा ताठ होतो, ऊब लागली की उडतो. माझं हे सोंग गावाला ठाऊक आहे, म्हणून वाळले तरी मला कोणी उपटत नाही. त्याचं कुणालाच ठाऊक नव्हतं.

उत्तरेचा गार वारा सुटला होता. त्या सकाळी एदुविहेस तोडगे सांगणाऱ्या निकानोरामावशीबरोबर पानं कापायला आली. तिचा नवरा मकारियो समुद्रातल्या तेलविहिरीवर कामाला गेला, तो परतलाच नव्हता. माझ्या देठावर तिला पक्षी दिसला, ताठ.

"निकानोरामावशी, बघ गं! तोडग्याला मारलेला पक्षी चालत नाही म्हणतेस ना? हा आपणहून मेलाय!"

"नशीब काढलंस पोरी! लाल दोऱ्यात गुंडाळ, छातीशी ठेव. गेलेला माणूस ओढीनं घर गाठतो. तुझ्या त्या वेंधळ्यालासुद्धा वाट सापडेल."

तिनं चोचीपासून शेपटीपर्यंत दोरा आवळला, वरून माझं पान गुंडाळलं आणि पुरचुंडी पोलक्यात खोचली. आत ऊब होती. मला भीती वाटली ती त्या उबेचीच.

चुलीपाशी बसल्यावर एक ठोका पडला. मग दुसरा. मग पानाच्या आत नुसती थरथर. मी उलगडायची धडपड केली, पण तोडलेल्या पानात ताकद कुठली?

"मावशी, धडधडतंय!"

मावशीनं हात लावला. तिचे डोळे भरून आले. "अगं, निघाला तो! घट्ट धर, सोडू नकोस."

तिनं घट्ट धरलं. हळूहळू सगळं शांत झालं.

"थांबलं गं."

"म्हणजे पोहोचला," मावशी म्हणाली, आणि दोघी दाराकडे बघत बसल्या.

मकारियो अजून आलेला नाही. पहिला पक्षी वाटेत दमला असेल, असं मावशी म्हणते. गार वारा सुटला की एदुविहेस आता लाल दोरा घेऊनच येते आणि माझा देठ न् देठ निरखते.

माझं बोलणं तिला ऐकू येत नाही. तुम्ही तरी तिला सांगा हो, बांधायच्या आधी जरा उन्हात धर म्हणावं.