मुंग्यांनी टाळलेली बशी

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मांडीमांडीवर टोपल्या, टोपल्यांत लठ्ठ मांजरं आणि मंचावर गोडबाबा. समोर एका मधुमेही मांजराच्या लघवीची बशी. तिला मुंग्यांची रांग लागलेली.

"साखर! बघा, साखर!" बाबा गरजले. मग त्याच मांजराची 'उपचारानंतरची' बशी आली. बाबांनी तिच्याभोवती खडूने मंत्राचं रिंगण आखलं, फुंकर मारली. मुंग्या आल्या, अडखळल्या, माघारी वळल्या. टाळ्यांचा कडकडाट!

"गेली साखर! आता सुई बंद, मांस बंद. माझी खीर द्या, सात्त्विक! जीव शुद्ध होतो."

जणू मांजर दरोडे घालूनच आलं होतं.

माझ्या नणंदेने अक्षरशः तेच केलं. तिची मांजर गोणी, नावाप्रमाणेच अंगाने. इन्सुलिन थांबलं, तीन वेळा गोड खीर सुरू झाली. गोणी नुसती पाणी पीत राहिली, मग उठेनाच.

"वन्सं, डॉक्टरांकडे चला."

"वहिनी, रोज जपाला बसणाऱ्या तुम्ही असं बोलता?"

"जपाला बसते म्हणूनच बोलते. उठा."

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सलाईन लावलं. "अहो, मांजर मांसावर जगणारा प्राणी. तांदूळ, साखर त्याला झेपत नाही. वजन वाढतं, मधुमेह बळावतो. मांसाचंच अन्न दिलं, वजन उतरलं, तर काहींची सुई सुटतेही. पण ती रक्त तपासून, हळूहळू. तुम्ही उलटंच केलंत."

"पण मुंग्या आल्या नाहीत हो!" नणंद रडत म्हणाली.

पांढरं रिंगण आठवलं आणि माझं डोकं सणकलं. जपाच्या खोलीच्या उंबऱ्यावर मी तशीच रेघ रोज आखते. मुंग्या मारायच्या खडूने.

पहाटे गोणी गेली. संध्याकाळी आम्ही दोघी सभागृहात. मी मंचावर चढले आणि साखरेच्या पाकाची बशी ठेवली.

"बाबा, आखा रिंगण."

"बाई, देवाची थट्टा?"

"ती तुम्ही चालवलीय. राहू द्या, मीच आखते."

घरून आणलेल्या मुंग्यांच्या खडूने आखलं. फुंकर नाही, मंत्र नाही. मुंग्या आल्या, अडखळल्या, माघारी वळल्या.

"पाकातली साखरही गेली का, बाबा?"

बाबा मागच्या दाराकडे सरकू लागले. दोघातिघांनी वाट अडवली. बाबांच्या खिशातून त्याच खडूचं खोकं निघालं.

नणंदेने रिकामी टोपली उचलून धरली. "माझी गोणी यात होती," एवढंच तिला बोलता आलं.

पुढचं मी बोलले, आणि माझा आवाज चढला. "देवावर माझीही श्रद्धा आहे. पण चालू औषध बंद करायला सांगणारा कोणीही असो, त्याला आधी पुरावा मागा. ज्या प्राण्याला तोंडाने नाही म्हणता येत नाही, त्याच्यावर आपली भक्ती लादू नका. उठा, टोपल्या उचला. दवाखाना अजून उघडा आहे."