मोर्णेचं कोरं पाणी

बिल्कीस मॅडमनी चिनी पद्धतीनं, शाई आणि कुंचल्यानं, अकोल्याची मोर्णा नदी काढली होती. त्या चित्रकलेत पाणी रंगवत नाहीत. काठ काढायचे आणि मधला कागद कोरा सोडायचा, तेच पाणी. पण त्यांची जुनी विद्यार्थिनी दामिनी हिच्या कॉम्प्युटरमधल्या एआयला कोरी जागा दिसली की चैन पडेना. अमरावतीच्या वारसा प्रदर्शनासाठी चित्र पडद्यावर हलतं करताना त्यानं आधी निळा रंग ओतला, मग होड्या सोडल्या, तिसऱ्यांदा तर कमळं फुलवली.

"मोर्णेत कमळं? माय वं, डोकं पिकवलं तुया मशीननं! चांगल्या कोऱ्या जागेत कचरा काहून भरून राहिली तू?"

"मॅडम, लोकांले रिकामं वाटते ना."

प्रदर्शनात अकोल्याच्या जुन्या शहरातले म्हातारे खुशालराव त्या कमळांनी भरलेल्या पडद्यासमोर थांबले. "मस्त आहे. कोणतं गाव होय हे?"

मॅडम दातओठ खात त्यांना कोपऱ्यात टांगलेल्या मूळ चित्राकडे घेऊन गेल्या. खुशालराव बराच वेळ पाहत राहिले. मग कोऱ्या जागेवर बोट टेकवून म्हणाले, "अठी मी पोहायले शिकलो."

मॅडम गर्रकन वळल्या. "ऐकलं, दामिनी? आता हे भर त्याच्यात!"