धूसर मंच

जपानमधल्या इमाबारीच्या गोदीत त्या दिवशी नवं जहाज पाण्यात उतरायचं होतं आणि कंपनीच्या कॅलेंडरसाठी फोटो काढायचं काम चिझुरूकडे आलं होतं. तिची आई फुमिए याच गोदीत एकतीस वर्षं वेल्डर होती. जहाजाच्या पुढच्या टोकाचे सगळे सांधे तिच्या टोळीनं जोडलेले.

"मंचावरची साहेबमंडळी स्पष्ट यायला हवीत हं," प्रसिद्धीचं काम बघणारे ओगिवारासान दोनदा बजावून गेले.

चिझुरूनं तसा फोटो काढला. मग पिशवीतून दुसरी लेन्स काढली. हिचं तोंड एका बाजूला कलवता यायचं. मंचाच्या अलीकडे सात वेल्डर तिरक्या रांगेत उभे होते. पहिली फुमिए अगदी जवळ, शेवटचे निशिगाकीसान पार जहाजापाशी. साध्या लेन्सनं एक चेहरा साधला की बाकीचे सहा पुसट व्हायचे.

"अगं, वाकडी झालीय ती! सरळ कर," फुमिए ओरडली.

"वाकडीच लागते, आई. तू हलू नकोस."

चिझुरू केसभर केसभर स्क्रू फिरवत राहिली. लेन्स कलत गेली तसे रांगेतले चेहरे एकामागून एक उजळले. सातवा उजळला तेव्हा मागचा मंच, पताका, साहेब सगळे पाण्यात रंग विरघळावा तसे विरघळून गेले होते. तिनं श्वास रोखून बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी ओगिवारासान फोटोवर वाकले. "आमचे साहेब कुठायत?"

"तो काय, राखाडी डाग."

"थट्टा करताय?"

"नाही. कॅलेंडरला पहिला घ्या. हा मला गोदीच्या जेवणघरात लावायचाय."

ते आणखी खाली वाकले. "या बाईंच्या बाहीवरची ठिणग्यांची भोकंसुद्धा दिसतायत."

"ती माझी आई."

ओगिवारासान ताठ झाले आणि फोटोसमोर हलकेच झुकले. "मग मोठा छापा. भिंतभर."

फोटो लागला त्या दुपारी उदोन नूडल्सचे वाडगे हातात धरून सगळे त्याच्यासमोर उभे राहिले.

"फुमिएसान, सुरकुत्या मोजता येतायत तुझ्या," निशिगाकीसान म्हणाले.

"मोजा की. तुमच्या मोजायला दिवस पुरायचा नाही."

"काढला कुणी?" स्वयंपाकीणबाईंनी विचारलं.

"माझ्या लेकीनं!" फुमिए इतक्या जोरात म्हणाली की पलीकडची टेबलं वळून बघायला लागली. मग तिनं निशिगाकीसानांना सरकायला लावलं आणि चिझुरूला वेल्डरांच्या बाकावर आपल्या शेजारी बसवलं.