बिनगोंड्याची नारिंगी टोपी

मित्रांनो, आधी एक सांगा, मी तुम्हाला दिसते आहे ना? नीट दिसते? लांबूनसुद्धा? रागावू नका, ही माझी जुनी खोड आहे. मी एक जुनी, लोकरीची, नारिंगी टोपी आहे आणि दिसणं एवढंच माझं आयुष्यभराचं काम होतं. ज्याला हे काम असतं, त्याच्या जिवाला घोर असतो.

माझा जन्म पेन्सिल्व्हेनियातल्या एका लहान गावात, लिओटाबाई ब्रुबेकर यांच्या स्वयंपाकघरात झाला. त्यांचे यजमान हार्लन, म्हणजे माझे मालक. त्या वर्षी मालकांनी एक वेड डोक्यात घेतलं होतं. गावामागच्या डोंगराच्या धारेवरून जी लांबच लांब पायवाट जाते, ती सगळी चालायची. एका दमात नाही हं, तुकड्यातुकड्यानं. दर वर्षी एकच तुकडा, या खिंडीपासून त्या खिंडीपर्यंत, आणि संध्याकाळी आपल्या घरी परत. दिवस ठरलेला, नोव्हेंबर सरता सरता येणाऱ्या थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरचा शनिवार. आणि नेमका त्याच सुमारास हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो! त्या दिवसांत रानात जाणारा माणूस भडक नारिंगी घालतो. बंदूकवाल्याला तो माणूस आहे हे कळायला नको का? म्हणून तर माझी निर्मिती झाली.

शेवटचे टाके घालताना बाई म्हणाल्या, "वर पांढरा गोंडा लावते. गोजिरी दिसेल."

"पांढरा? अगं, हरणाची शेपूट पांढरी असते! मला मारायचा बेत आहे का तुझा?"

"बेत असता तर सूपमध्ये काहीतरी घातलं असतं. एवढी लोकर कशाला वाया घालवली असती?"

गोंडा राहिलाच. मी बोडक्या डोक्याची राहिले. खोटं कशाला सांगू, मला त्याचं वाईट वाटलं होतं.

पुढची एकोणीस वर्षं मी मालकांच्या डोक्यावर एकोणीस तुकडे चालले. त्यांची रीत अशी होती की सकाळी मालकांची पिकअप गाडी वाट संपते त्या टोकाला उभी करायची, मग दोघांनी बाईंच्या लहान गाडीतून सुरुवातीला यायचं. चालून झालं की पिकअपनं परत जाऊन लहान गाडी आणायची. निघताना बाई न चुकता विचारायच्या, "पिकअपची किल्ली खिशात आहे ना?" मालक न चुकता चिडायचे, "मी काय कुकुलं बाळ आहे?" आणि न चुकता खिसा चाचपायचे. त्याशिवाय पाऊल पडायचं नाही.

एकदा वाटेत भेटलेला एक शिकारी म्हणाला, "तुमची टोपी पलीकडच्या डोंगरावरून दिसली मला!" मित्रांनो, त्या दिवशी मी दोन बोटं फुगले.

मग मालकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. चार वर्षं वाट बंद. मी मात्र पिकअपमध्ये, पुढच्या काचेखाली पडून राहिले. चार उन्हाळे ऊन माझ्यावर पडत होतं. कुणी मला उचलून आत ठेवलं नाही. माझा रंग रोज थोडा थोडा जात होता आणि मी काही करू शकत नव्हते.

गेल्या वर्षी शेवटचा, विसावा तुकडा चालायचा ठरला. सुरुवातीच्या खिंडीत मालकांनी मला डोक्यावर चढवलं आणि बाईंनी कपाळाला हात लावला.

"ही टोपी आहे की पालापाचोळा? मी नवी विणलीय, ती घाल."

"ही एकोणीस तुकडे चाललीय. शेवटचा हिच्याशिवाय? छे!"

"अरे, माया कर, पण डोळे उघडे ठेवून कर!"

"डोळे उघडेच आहेत. घाल तूच ती नवी!"

दोघांची चांगलीच जुंपली. बाईंनी फणकाऱ्यानं नवी टोपी स्वतः घातली. ऊन पडलं होतं आणि पुढे चढ होता, म्हणून मालकांनी कोट आणि त्यावरचं नारिंगी जाकीट काढून बाईंच्या गाडीत भिरकावलं. आता त्यांच्या अंगावर तपकिरी स्वेटर आणि नारिंगी म्हणाल तर फक्त मी. माझ्यामुळे भांडण झालं आणि त्या भांडणात नेहमीचा तो एक प्रश्न विचारायचा राहून गेला.

झाडांवर एक पान नव्हतं. सगळी पानं वाटेवर, आणि पानांखाली दगड. झाडांवरच्या पांढऱ्या पट्ट्यांच्या खुणा बघत दोघं सावकाश चालले होते. लांबून बार ऐकू आला की माझा टाकान् टाका आवळायचा. मालकांना त्याचं काय! ते बीटच्या पाण्यात मुरवलेली लाल अंडी मजेत खात बसले होते. दुपारी बाईंचा पाय दगडावरून मुरगळला, आणि चाल निम्म्यावर आली. शेवटच्या खिंडीत पोचलो तेव्हा सूर्य डोंगराआड गेला होता. मालकांनी शेवटच्या पांढऱ्या पट्ट्यावर हात ठेवला, बाईंना जवळ घेतलं, आणि पिकअपकडे वळले. तिथंच थबकले.

"लिओटा, किल्ली कोटात आहे."

"आणि कोट?"

"तुझ्या गाडीत."

बाई पिकअपच्या बंद काचेकडे बघत राहिल्या. "एकोणीस वर्षं विचारलं. एक दिवस विचारलं नाही, तर..."

"विचारशील कशी? टोपीवरून भांडत होतीस!"

फोन लागेना. थंडी हाडांत शिरू लागली. खाली झाडीपलीकडे एका शेतघराचा दिवा दिसत होता. मालक म्हणाले, "तू बस, मी मदत घेऊन येतो."

"या तपकिरी स्वेटरात? डोक्यावर ते वाळकं पान घेऊन? थांब!" बाई लंगडत पुढे आल्या. आपली नवी टोपी काढून त्यांनी ती माझ्यावरूनच मालकांच्या कानापर्यंत ओढली. "जा आता. आणि गाणं म्हणत जा, म्हणजे कळेल कुणीतरी येतंय."

"माझं गाणं ऐकून तर नक्कीच गोळी घालतील."

हसल्या नाहीत बाई. मी तर आत घुसमटत होते. काळोख, नव्या लोकरीचा वास, आणि अपमान! एकोणीस वर्षं ज्या डोक्यावर मिरवले, तिथंच मला झाकून टाकलं होतं.

मला दिसत काहीच नव्हतं, फक्त ऐकू येत होतं. पायाखालची पानं, मालकांचा श्वास. गाणं नाहीच. मग त्यांनी नाक ओढलं, खिशात हात घातला, आणि मला आठवलं. रुमाल! मालकांचा रुमाल पांढरा होता! अहो, नका काढू, नका! मी जिवाच्या आकांतानं ओरडले असते, पण टोपीला तोंड कुठलं?

त्यांनी रुमाल झटकला. थोड्या अंतरावर काहीतरी खट्ट वाजलं.

"थांबा! हलू नका! नाही, हला, हला! माणूस आहात ना हो?"

शेतघरातली मुलगी ट्वायला होती ती, हातात बंदूक घेऊन. धावत आली. तिचे शब्द एकमेकांवर आपटत होते. "पांढरं हललं... अंग तपकिरी... काका, मी नेम धरला होता हो! बोट खटक्यावर होतं. मग वर ती टोपी दिसली, ती भडक टोपी!"

मालकांचा हात डोक्यावर गेला. बोटं नव्या लोकरीवर टेकली. मी तिथंच होते, मित्रांनो, पण ट्वायलाला मी दिसले नव्हते. आणि एकटी असते, तरीही दिसले नसते.

ट्वायलानंच आपली गाडी काढली, खिंडीतून बाईंना घेतलं आणि दोघांना परत न्यायला निघाली. "गाणं म्हटलंस ना रे?" बाईंनी विचारलं. मालकांनी दोन्ही टोप्या काढल्या, नवी बाईंच्या ओंजळीत ठेवली आणि त्यांचा हात घट्ट धरला.

"तुझी टोपी दिसली, लिओटा."

समोर ट्वायला डोळे पुसत गाडी चालवत होती. बाईंना सगळं कळलं.

आता मी दाराजवळच्या खिळ्यावर असते. ऊन येत नाही तिथं. पिकअपची किल्ली माझ्याच पोटात ठेवतात, म्हणजे विसरायला नको. त्याच आठवड्यात बाईंनी मला मांडीवर घेतलं होतं आणि सुई-दोऱ्यानं माझ्या शेंड्यावर एक मोठा, मऊ, पांढरा गोंडा शिवला होता. किती वर्षांची माझी हौस! मी खरंच गोजिरी दिसत होते. आणि टाके पडता पडता मला उमगलं, की पांढरा गोंडा लावलेली टोपी पुन्हा कधी रानात नेत नाहीत.

मित्रांनो, आम्हाला उन्हात टाकून विसरू नका, एवढं तर मी मागेनच. पण आमचा रंग एकदा उडालाच, तर मायेपोटी आम्हाला डोक्यावर घेऊ नका. नवी टोपी घाला, नीट दिसा, आणि घरी परत या. आम्हाला गोंडा लावा, म्हणजे झालं.