जिवंत आत्याचं सुतक

मी एक चटई बोलतेय. लगेच नाक मुरडू नका. तुमच्याकडे चटईवर बसतात, आमच्या टोंगात, भर प्रशांत महासागरातल्या बेटांवर, चटई कमरेला बांधतात. कमरेला चटई नसलेला माणूस चारचौघांत आला, तर लोक उघडं माणूस बघितल्यासारखी मान वळवतात.

माझा जन्म केवड्याच्या जातीतल्या पानांचा. माझा मालक लिसियाते, त्याच्या आजीनं ती पानं उकळली, आठवडाभर समुद्रात दगडाखाली दाबून ठेवली, उन्हात वाळवली आणि चार महिने मांडी घालून मला विणलं. म्हातारीला दिसायचं कमी. माझ्या एका कोपऱ्यात वीण वाकडी गेली, ती तशीच राहिली.

मी सुतकाची चटई. बारशाला, लग्नाला झुळझुळीत बारीक विणीच्या बांधतात. मी राठ, फाटकी, गुडघ्यापासून छातीपर्यंत येणारी. आमच्याकडे रीतच आहे, गेलेलं माणूस तुमच्यापेक्षा जितकं मानाचं, तितकी तुमची चटई मोठी आणि फाटकी. आजोबा गेले तेव्हा मला लिसियातेच्या बापानं बांधलं. बाप गेला तेव्हा लिसियातेनं. त्यानंतर मी संदुकीत. कुणी माझी आठवणही काढली नाही, आणि ते बरंच होतं म्हणा!

लिसियाते आमच्या बेटावरचा सगळ्यात जाडा आणि सगळ्यात भिडस्त माणूस. त्याच्याकडे एक डुकरीण होती. ओहोटीला ती कमरेएवढ्या पाण्यात शिरायची, डोकं बुडवायची आणि जिवंत ऑक्टोपस तोंडात धरून बाहेर यायची. ऑक्टोपसला इथं फेके म्हणतात, म्हणून तिचंही नाव फेके. तिची कीर्ती राजधानीपर्यंत गेली आणि टीव्हीवरच्या गप्पांच्या कार्यक्रमाचं लिसियातेला बोलावणं आलं.

त्याला डुकरिणीचं कौतुक सांगायचं नव्हतंच. त्याला आत्याची माफी मागायची होती.

लोसालीने आत्या समोरच्या छोट्या बेटावर एकटी राहते. बापाची थोरली बहीण. आमच्यात आत्यापुढं भाच्याची मान खालीच. पण बापाच्या वर्षश्राद्धाच्या जेवणात या बावळटानं डुकराचा मानाचा वाटा राजधानीतून आलेल्या कुठल्याशा साहेबापुढं ठेवला. साहेबानं हात पुढं केला, याला नाही म्हणवेना! आत्या उठली, होडीत बसली, निघून गेली. दोन वर्षं अबोला. आता याच्या लेकीचं लग्न महिन्यावर आलं होतं, आणि आत्या मानाच्या जागेवर बसल्याशिवाय आमच्यात लग्न लागत नाही. निरोप घेऊन तीन माणसं गेली, तिघांनाही तिनं दारातूनच परत पाठवलं.

"टीव्हीवर सगळ्या देशादेखत माफी मागितली, तर ऐकेल ती," असं तो फेकेला सांगायचा. रोज तिच्यासमोर उभं राहून माफीचं भाषण घोकायचा. डुकरीण बिचारी ऐकून घ्यायची.

आता मी यात कशी आले ते ऐका. रिकाम्या हातानं कुणाकडे जायचं नाही, म्हणून त्याच्या बायकोनं, सेइनीनं, कार्यक्रमवाल्यांना द्यायला कंद काढले. कंद मातीचे, ओले. "जाड काहीतरी हवं गुंडाळायला," म्हणाली आणि संदुकीतून मला उपसलं. सासऱ्याच्या सुतकाची चटई, आणि कंदाचं गाठोडं! लाज वाटली मला.

विमान इवलंसं. तिथं माणसंसुद्धा वजनकाट्यावर उभी करतात. लिसियाते चढला आणि काट्यावरचा माणूस म्हणाला, "दादा, एक तर तुम्ही येणार, नाहीतर तुमची बॅग."

"बॅग उद्या येऊ द्या," लिसियाते म्हणाला. तिच्यात त्याची चांगली चटई होती. कंदाचं गाठोडं मात्र त्यानं मांडीवर घेतलं.

स्टुडिओत गेल्यावर घोटाळा उघडा पडला. कार्यक्रम थेट, वेळ दहा मिनिटांवर, आणि कमरेला काही नाही. दारवानानं आपली चटई काढून दिली, ती पोटाला अर्धीच पुरली. शेवटी त्यानं कंद जमिनीवर ओतले, मला झटकलं आणि काथ्याच्या दोरीनं बांधलं.

"चटईच आहे ना, झालं तर मग," असं स्वतःशी पुटपुटला. अरे, चटई आहे, पण कसली!

मुलाखत घेणारी केसाया हसत हसत आली. नजर माझ्यावर पडली आणि तिचा चेहराच उतरला.

"अगं बाई! दादा, घरात एवढं घडलं आणि तुम्ही शब्द दिला म्हणून आलात?"

लिसियातेनं तोंड उघडलं. "कुणी गेलं नाही" एवढंच म्हणायचं होतं. पण बाईच्या डोळ्यांत पाणी आलेलं. तिला सगळ्या देशासमोर खोटं पाडायचं? तो म्हणाला, "आभारी आहे."

"काही बोलू नका, दादा. आपण प्रार्थना करू."

प्रार्थना सुरू झाली. प्रार्थनेत कोण मधे बोलणार? मग केसायानं स्तोत्र धरलं, कॅमेरावाल्यानं खालचा सूर लावला, दारवान आत येऊन वरचा सूर लावून गेला. तिसऱ्या कडव्याला लिसियाते हमसून हमसून रडायला लागला. हातची वेळ चालली होती, माफी पोटातच राहिली होती. लोकांना काय वाटलं, ते सांगायला नको. वेळ संपली.

आणि इकडं आमचं गाव टीव्हीपुढं बसलेलं. एवढी मोठी, एवढी फाटकी चटई! लिसियातेचे आईबाप तर आधीच गेलेले. त्याच्यापेक्षा एवढ्या मानाचं आता राहिलंय कोण? एकच. मला हे कळत होतं हो, पण मला तोंड कुठंय?

दुसऱ्या दिवशी सकाळी तो परतला. त्याची बॅग तेवढ्यात राजधानीला रवाना झाली होती. विमानात सगळ्यांनी त्याचं सांत्वन केलं, त्यामुळं मला सोडायचीही सोय राहिली नाही.

धक्क्यावर होडीवाला केपू उभा होता. काळे कपडे, कमरेला फाटकी चटई.

"बस लवकर. गाव कालच आत्याकडं गेलंय."

"का रे?"

"असं काय विचारतोस वेड्यासारखं? आत्या गेली ना तुझी!"

लिसियाते होडीत मटकन बसला. होडी एका बाजूला कलली. कधी, कशी, काही विचारलं नाही त्यानं. वाटभर एकच बोलणं, "मी ही चटई उगीच बांधली रे, केपू. मीच ओढवून घेतलं." माझ्या वाकड्या कोपऱ्यावर त्याचे अश्रू पडत होते. मला गलबलून आलं.

आत्याच्या अंगणात गाव मान खाली घालून बसलं होतं. मधोमध पाद्रीबाबा, केळीच्या पानांवर भाजलेलं आख्खं डुक्कर. रीतीप्रमाणं लिसियाते खाली बघत, गुडघ्यांवर सरकत आला.

"आत्या गं, मानाचा वाटा तुझाच होता! मला नाही म्हणता आलं नाही त्याला! आता कुणाला आत्या म्हणू मी?"

"आधी नाक पूस," वरून आवाज आला.

त्यानं वर बघितलं. आत्या खुर्चीत बसली होती. तो किंचाळला.

"तू... तू गेलीस ना?"

"कुठं? कालपासून ही माणसं येऊन रडतायत. कोण गेलं म्हणून विचारलं, तर जमिनीकडं बघतात. हा पाद्री तर माझ्यासमोर माझ्याच आत्म्याला शांती मागतोय!"

पाद्रीबाबा खाकरले. "बाई, आम्ही पोचलो तेव्हा तुम्हीच दार उघडलंत. तोंडावर कसं सांगायचं?"

आत्यानं लिसियातेकडं बघितलं. सुजलेले डोळे, छातीपर्यंत मी. मग तिनं वाकून माझा कोपरा हातात घेतला.

"माझ्या आईची वीण," ती हळूच म्हणाली. "माझ्यासाठी बांधलीस होय ही?"

खरं सांगायचं तर नव्हती बांधली. पण तो इतका रडला होता की आता ते खोटंही राहिलं नव्हतं. त्यानं नाक पुसलं.

"आणि हे डुक्कर कुणाचं?"

सेइनीनं पदर तोंडाला लावल्यासारखा हात तोंडावर ठेवला. "फेके, आत्या. तुमच्या मानाला साजेसं घरात दुसरं नव्हतं."

लिसियातेचा चेहरा बघवेना. त्यानं डुकरिणीकडं बघितलं, आत्याकडं बघितलं, मग उठला, सुरी घेतली आणि मानाचा वाटा कापून दोन्ही हातांनी आत्यापुढं धरला. आत्यानं सगळा खाल्ला, एक तुकडा उरवला नाही. खाताना तिच्याही डोळ्यांतून पाणी गळत होतं.

"लग्न कधी आहे?" हात पुसत तिनं विचारलं.

लग्न झालं. आत्या मानाच्या चटयांवर राणीसारखी बसली. त्याच आठवड्यात केसायाचा फोन आला, "दादा, सावरलात का? या वेळी डुकरिणीलाही घेऊन या."

"आभारी आहे," लिसियाते म्हणाला.

आत्यानं मला ठेवून घेतलं. चटया आमच्याकडे गादीखाली सपाट पसरून ठेवतात, तशी मी तिच्या गादीखाली आहे. ती कूस बदलते, खोकते, देवाशी भांडते, सगळं मला वरून कळतं. लिसियातेला तिनं बजावलंय, "माझं रडून झालंय तुझं. खरी जाईन तेव्हा नुसता जेवायला ये."

वाचकहो, मी म्हातारी झालेय, धागे सुटतायत, आणि माझं काम एकच, हे मला ठाऊक आहे. तरी एक मागणं आहे. आत्याचं वजन माझ्या अंगावर आहे तोवर मला कुणी इथून काढू नका.